सांजेचं दिसतं, दुपारचं नाही

सूर्य सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटामागे उतरलाय. मालवणच्या बंदरावरचे दिवे अजून लागायचे आहेत आणि वाळूवर मासळीचा लिलाव ऐन रंगात आलाय. टोपल्या, प्लास्टिकचे क्रेट, फोडलेला बर्फ, पायांत घोटाळणारी मांजरं आणि मोबाईल उंच धरून उभे असलेले पुण्या-मुंबईचे पर्यटक. त्यांना इसवणीचा फोटो हवाय. इथल्या बायकांना इसवण हवीय, आणि तीही पर्यटकांच्या हॉटेलवाल्याने भाव चढवण्याआधी.

मासे विकणारी काकी कडेला उकिडवी बसलीय. एका टोपलीतल्या बांगड्याचा कल्ला ती अंगठ्याने उचलते, आत डोकावते, लाली पाहते आणि मासा परत टाकते.

"ह्यो कालचो."

टोपलीवाला हुज्जत घालत नाही. काकी पुढच्या टोपलीकडे सरकते. बोली चढते, तिची हनुवटी दोनदा हलते आणि बांगडे तिचे होतात. कमरेच्या पिशवीतून ती नोटा काढते, दोनशेची एक, शंभराच्या तीन, आणि मोजून देते. परत आलेली वीसची नोट कोपऱ्यात फाटलेली आहे. ते तिला लगेच दिसतं आणि ती नोट बदलून घेते.

माझ्या शेजारी उभी असलेली दुसरी एक मासेवाली मला कोपराने ढोसते.

"बघलंस मा? म्हणता, मोतीबिंदू झालो, माका दिसना नाय. दुपारी हिची टोपली आमी उचलूची. आणि सांजचा बरा सगळा दिसता!"

तिचं म्हणणं वरवर खोटं नाही. मोतीबिंदूची माणसं आपण घरोघरी पाहतो. दिवस मावळला की ती चाचपडू लागतात, संध्याकाळी उंबऱ्याला अडखळतात. काकीचं उलटं आहे. शिवाय वय ५२. गावात कुजबुज होणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी दांडीच्या किनाऱ्यावर आहे. नोव्हेंबरातलं स्वच्छ आभाळ, माडांच्या शेंड्यांवरून वर आलेलं ऊन, आणि समोर पाण्यावर नजर ठरत नाही इतका लखलखाट. रापण ओढली जातेय. होडीने अर्धगोल फिरून सोडलेलं लांबच लांब जाळं, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणि प्रत्येक टोकाच्या दोराला माणसांची रांग. पाय वाळूत रुतवून, पाठ मागे टाकून सगळे ओढताहेत. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ येतात. जाळ्याचा मधला भाग उथळ पाण्यात आला की मासे उडू लागतात. आज तारली आणि पेडवे बरेच आहेत. बांगडा तुरळक.

काकी आलीय. डोळ्यांवर काळा चष्मा आहे, किल्ल्याच्या वाटेवर पर्यटकांना विकतात तसला, कडेला सोनेरी पट्टी असलेला. त्यावरून पदर कपाळावर इतका पुढे ओढलेला की चेहरा सावलीत. पोरं तिला "काय गो हिरॉईन" म्हणून हाका मारतात. ती आवाजाच्या दिशेने मान वळवते, पोरांकडे नाही. बोलणारा डावीकडे दहा पावलांवर उभा आहे आणि ती त्याच्या जरा उजवीकडे बघून शिवी देते.

तारलीचा वाटा ठरतो. पैसे द्यायची वेळ येते तेव्हा ती समुद्राकडे पाठ करते, नोट पदराच्या सावलीत धरते, लांब नेते, जवळ आणते. मग माझ्यापुढे करते.

"झिला, ही खयची रे?"

पाचशेची आहे. काल संध्याकाळी याच हातांनी फाटका कोपरा पकडला होता.

"उन्हात सगळा पांढरा होता," ती म्हणते. "कोणीतरी डोळ्याफुडे बॅटरी धरल्यासारख्या. बायका म्हणतत मी ढोंग करतंय. करूंदेत."

आज तिला कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. तिची सून कामावर गेलीय, म्हणून सोबतीला मी.

मालवणच्या एसटी स्टँडवर गाडी लागायला वेळ आहे. सावलीचा बाक मिळाल्यावर काकी चष्मा काढते. खालची पापणी बोटाने ओढून मला आतली बाजू दाखवते. आता तिथे काही नाही, पण पाच वर्षांपूर्वी तिथे गुलाबी मांसाचा एक मऊ पट्टा होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता. आधी डाव्या डोळ्यात, मग उजव्यातही. दर्यावरच्या माणसांच्या डोळ्यांत उन्हा-वाऱ्याने बुबुळाकडे मांस वाढतं, ते इथे नवल नाही. घरात तिघांना आहे. हेही तेच असणार म्हणून सगळे निवांत होते. डावा डोळा किंचित पुढे आल्यासारखा दिसायला लागला तेव्हा मुलगा तिला बांबोळीला घेऊन गेला. सिंधुदुर्गातल्या माणसाला दुखणं मोठं वाटलं की गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेजच आधी आठवतं, मुंबई नंतर. तुकडा काढून तपासला. लिम्फोमा निघाला. रक्तातल्या लिम्फोसाइट जातीच्या पेशींचा कर्करोग, पण डोळ्याच्या अस्तरात आणि खोबणीत मुक्काम ठोकलेला. त्यातला हा प्रकार मंद चालीचा, बहुतेकदा वर्षानुवर्षं तिथेच राहणारा. दोन्ही डोळ्यांत निघणारे थोडेच. काकी त्या थोड्यांतली.

पुढचे उपचार मुंबईत झाले. रुग्णालयातल्या लोकांसारखंच काकीही रेडिएशनला 'शेक' म्हणते. सोमवार ते शुक्रवार रोज थोडा, असे १२ शेक. रोज २ ग्रे, एकूण २४. मुक्काम दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत. मुंबईत उपचाराला आलेली गावोगावची कर्करोगाची माणसं तिथे राहतात. काकीला तिथली एक गोष्ट अजून सलते. पंधरा-वीस दिवसांत एकदाही ताजी मासळी पोटात गेली नाही.

"पयल्या दिवशी तोंडार गरम जाळी ठेवल्यानी. मऊ. थंड झाली तशी कडक झाली आणि खाली फळीक बसवून टाकल्यानी. डोक्या हलवूचा नाय. मी म्हटलंय, आयुष्यभर माशे जाळ्यात घातलंय, आता मी गावलंय."

जाळी म्हणजे खास प्लास्टिकचा सच्छिद्र मुखवटा. गरम पाण्यात नरम होतो, चेहऱ्यावर ओढला की चेहऱ्याचा आकार घेतो. किरणं रोज त्याच जागी पडावीत म्हणून डोकं त्यात पक्कं धरतात.

"आणि मोतीबिंदूचं तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं?" मी विचारतो.

"सांगल्यान तर! डॉक्टरान पयल्याच दिवशी सांगल्यान. डोळो वाचतलो, पण फुडे दोन-चार वर्सांनी मोतीबिंदू येतलो. मोतीबिंदू काढूक येता. ह्यो आतलो रोग तसो काढूक येना नाय. मी आंगठो नाय, सही केलंय."

हे ती ठासून सांगते, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. गावात गोष्ट अशी फिरतेय की मुंबईत शेक घेतला आणि बिचारीचे डोळे गेले. जे घडलं ते आधी सांगून, समजून, सहीनिशी घडलंय. गोष्टीतला तेवढाच भाग गावापर्यंत पोचलेला नाही.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली बाई मघापासून कान देऊन आहे. ती सरकून जवळ येते.

"काकी, शेक घेतल्यार डोळे जातत काय गो? माझ्या घोवाक घशाचो शेक सांगल्यानी. आमी नको म्हणतो."

काकी तिच्याकडे पूर्ण वळते.

"घशाचो शेक घशाक. माझो शेक डोळ्यातसून गेलो. आणि डोळे नाय गेले. आतला भिंग धुरकाटला. ता बदलूक जातंय. तू घोवाक घेवन जा."

बाईला अजून खात्री वाटत नाही. किरण ज्या वाटेने जातो तिथलंच तो बिघडवतो, हे मी तिला माझ्या शब्दांत सांगू बघतो. नाकामागच्या किंवा कवटीच्या तळाच्या गाठींसाठी शेक द्यायचा झाला तर वाट डोळ्यांजवळून जाते, तिथे भिंगाची काळजी करावी लागते. स्वरयंत्रासाठी नाही. तुमच्या डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा, असंही सांगतो. ती मान हलवते. माझ्यापेक्षा काकीचं वाक्य तिने जास्त मनावर घेतलेलं दिसतंय. तिची आचऱ्याची गाडी लागते आणि ती उठते.

आमची गाडी चौके-धामापूरमार्गे जाते. काकी खिडकीशी. या प्रवासात मला तिची नजर उघडताना आणि मिटताना दिसते. सड्यावर गाडी उघड्या कातळावर आली की ती डोळे बारीक करते, मान खाली घालते. धामापूरच्या तळ्याजवळ झाडी दाट होते, रस्त्यावर सावली पसरते, आणि ती बाहेर बघून सांगू लागते: अमक्याच्या अंगणात आंब्याच्या पेट्या रचल्यात, तमक्याने घराला रंग दिला. पुन्हा ऊन, पुन्हा गप्प.

कुडाळच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण आहे, पस्तिशीची असेल. ती काकीचे जुने कागद शांतपणे वाचते, विशेषतः शेकाचा हिशेब लिहिलेलं पान. मग तक्ता. खोलीतला दिवा मालवलेला असताना काकी डाव्या डोळ्याने चौथी ओळ वाचते. डॉक्टर छोटी बॅटरी पेटवून बाजूने डोळ्यावर धरते.

"आता?"

"आता वरचा मोठा अक्षर तेवढा."

"बायका म्हणतात ना ढोंग आहे? त्यांना हे दाखवायला हवं."

काकी माझ्याकडे बघते. साक्षीदार म्हणून.

मग खालच्या पापणीत कागदाची अरुंद पट्टी अडकवतात. पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. किती कागद ओला होतो त्यावरून पाणी मोजतात. १० मिलिमीटरच्या पुढे गेला तर ठीक. काकीचा डावा ४ वर थांबतो. अश्रुग्रंथीनेही शेक सोसलाय. थेंब घालत राहावे लागणार, शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही.

बाहुली मोठी करायचे थेंब घालतात. बाहेर बाकावर अर्धा तास. काकीला डुलकी लागते. जागी होते ती एकदम ताठ बसते.

"झिला! तो पंखो बघ. पाती दिसतत. आणि त्या कॅलेंडरार गणपती आसा."

भिंतीवरचं कॅलेंडर पंधरा फुटांवर आहे. मी चकित होतो. औषध तर तपासणीसाठी होतं.

आत गेल्यावर पहिलीच मागणी: "डॉक्टर, ह्येच थेंब घरी द्या. ऑपरेशन नको."

डॉक्टर हसते आणि स्लिट लॅम्पला जोडलेला पडदा माझ्या बाजूला वळवते. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचं नारिंगी वर्तुळ दिसतं. वर्तुळ बहुतेक स्वच्छ आहे. फक्त बरोबर मधोमध एक करडा, दाणेदार, कडा फाटलेला डाग.

सगळा घोळ त्या डागाच्या जागेचा आहे. भिंगाला रक्तवाहिनी नाही, नसही नाही. त्याच्या कडेला, विषुववृत्तावर म्हणा, काही पेशी जन्मभर विभागत राहतात आणि त्यांचे लांब पारदर्शक तंतू होऊन थरावर थर चढतात. विभागणाऱ्या पेशी किरणांना सगळ्यांत आधी बळी पडतात. बिघडलेली पेशी नीट तंतू होत नाही, पारदर्शक होत नाही, तशीच मागे सरकत भिंगाच्या पाठीमागच्या मध्यावर जाऊन साचते. दुसऱ्या अवयवात असा कचरा रक्त वाहून नेतं. इथे न्यायला कोणी नाही. म्हणून शेकानंतर लगेच काही दिसत नाही, महिने-वर्षं जातात. आणि डाग नेमका मध्यावर असल्यामुळे भर उन्हात, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली की प्रकाशाला आत यायला तेवढीच वाट उरते, डागातून जाणारी. जवळचं बघताना, नोट किंवा कल्ला निरखतानाही बाहुली लहान होते. संध्याकाळी ती पसरते आणि काकी डागाच्या कडेने बघते. काळा चष्मा, कपाळावरचा पदर, धामापूरची झाडी आणि हे थेंब, सगळ्यांनी एकच काम केलंय.

"म्हणून थेंब देता येत नाहीत," डॉक्टर सांगते. "बाहुली सताड उघडी ठेवून तुम्ही दुपारी दांडीवर उभ्या राहणार? आणि डाग पसरतच जाणार आहे. तो काही महिन्यांत कडेपर्यंत गेला की थेंबांचा उपयोग नाही."

मी विचारतो, शेक देताना भिंग झाकता आलं नसतं का? येतं, ती म्हणते. रोग फक्त वरच्या अस्तरात असेल तर बुबुळावर जड धातूची छोटी वाटी ठेवतात आणि खोल न शिरणारे किरण वापरतात. काकीचा रोग बुबुळाच्या मागे खोबणीतही होता. पुढे वाटी ठेवली तर तिच्या सावलीत मागचा रोग वाचला असता. भिंग झाकायचं की रोग पुरता जाळायचा, असा प्रश्न होता, आणि उत्तर बरोबर होतं. २४ ते ३० ग्रेमध्ये या जातीचा रोग त्या जागी दहांतल्या नऊहून जास्त लोकांत आटोक्यात राहतो. भिंगाची सहनशक्ती मात्र फारच कमी. किरणांपासून संरक्षणाचे नियम सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ साली ती मर्यादा अर्ध्या ग्रेवर आणली. आधी ती बरीच वर धरत असत. हृदयाच्या नळ्यांत तारा घालणारे डॉक्टर शिशाच्या काचांचे चष्मे लावतात ते याचसाठी.

आता कमी मात्रेचे प्रयोगही चालू आहेत. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयाने २०२४ साली ५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. डोळ्याभोवतीच्या मंद लिम्फोमाला आधी दोनच शेक, मिळून ४ ग्रे, आणि रोग उरला तरच पुढचे २०. बहुतेकांना पुढचे लागलेच नाहीत. काकीला ते उशिराचं. तिला मी हे सांगत नाही. सांगून तिचं भिंग निवळणार थोडंच?

डॉक्टर आता मागचा पडदा तपासतेय, मोठं भिंग हातात धरून, दिवा कपाळावर बांधून. यात तिला बराच वेळ लागतो आणि खोलीत कोणी बोलत नाही. शेकाने डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या असतील तर नवं भिंग घालूनही फायदा नाही. या मात्रेला तसं क्वचित होतं, पण बघितल्याशिवाय शब्द द्यायचा नाही, असा तिचा शिरस्ता दिसतो.

"पडदा स्वच्छ आहे," ती शेवटी म्हणते. "भिंग बदलू या."

जपानवर अणुबॉम्ब पडल्यानंतर तिथल्या वाचलेल्या माणसांच्या डोळ्यांत हाच मागच्या बाजूचा डाग सापडल्याची नोंद १९४९ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या सायक्लोट्रॉनवर काम करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांतही तो त्याच सुमाराला आढळला. आणि त्याच १९४९ च्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिकचे कण शिरले होते आणि डोळ्याने ते मुकाट सोसले होते, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या समव्यावसायिकांनी त्यांना बराच काळ वेड्यात काढलं. आज ती शस्त्रक्रिया आपल्याकडे जिल्हा रुग्णालयात फुकट होते.

काकीला रिडलीशी देणंघेणं नाही. तिचा प्रश्न वेगळा आहे.

"नव्या भिंगान सगळा दिसतला?"

"एकच अंतर चष्म्याशिवाय नीट दिसेल. लांबचं हवं की जवळचं? बहुतेक लोक लांबचं घेतात, आणि वाचायला चष्मा लावतात."

"चष्मो? खवल्यांच्या हातान?" काकी दोन्ही तळवे पुढे करते. "लांबचा काय बघूचा? होडी इली काय इंजिनाच्या आवाजार कळता कोणाची ती. नोट आवाज करना नाय. माका जवळचा द्या."

"मग एसटीची पाटी वाचायला, देवळाचा कळस बघायला चष्मा लागेल."

"कळसाक लांबसूनच हात जोडूचे आसतत. तो दिसलो काय नाय दिसलो काय."

डॉक्टर लिहायचं थांबते, काकीकडे बघते आणि आधीचा शब्द खोडून नवा लिहिते. डावा डोळा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. महिनाभर डोक्यावरून अंघोळ नाही, धूळ नाही, चुलीचा धूर नाही, गर्दी नाही. उजवा त्यानंतर दीड महिन्याने, म्हणजे जानेवारीच्या शेवटी. काकी बोटांवर मोजते आणि तिची मान हलायला लागते.

"मगे आंगणेवाडीची जत्रा?"

"कधी आहे यंदा?"

"ता माका काय ठावक? भराडीदेवीचो कौल जावक व्हयो."

डॉक्टर कंपाउंडरकडे बघते. तो दारातूनच मान हलवतो: कौल झालेला नाही. बाहेरच्या बाकावरून कोणीतरी सांगतं की फेब्रुवारीत येईल, दुसरा म्हणतो मार्च. वर्षातून एकदा लाखांनी माणूस लोटतो तिथे, धूळ तर विचारूच नका, आणि मुंबईहून काकीची लेक त्याच दिवसासाठी रजा घेऊन येते. शस्त्रक्रियेची तारीख दवाखान्याच्या वहीत आज लिहावी लागते. देवीची तारीख आज कोणाला माहीत नाही. दोघी थोडा वेळ एकमेकींकडे बघतात. मग डॉक्टर वही मिटते, केसपेपर पुढे ओढते आणि 'उजवा डोळा' या शब्दांपुढे लिहिते: जत्रेनंतर.